पाठ असलेलं नाटक

"तुम्हाला जुनं पाठ आहे, ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "आता हे नवं पाठ करा."

आणि त्यांनी कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे धरला.

मी रंगपटाच्या दारात उभा होतो. रंगपट कसला, जिन्याखालची खोली ती. दोन खुर्च्या, एक आरसा, आरशाभोवती चार दिवे आणि त्यातले दोन चालू. तीस वर्षांहून जास्त काळ मी नाटकं बघत आलो, पण रंगपटात पाऊल टाकायची ती पहिलीच वेळ. प्रयोग संपून अर्धा तास झाला होता. बाईंनी चेहरा पुसला होता, तरी डाव्या कानामागे रंग राहिला होता. तो सांगावा की सांगू नये, हेच मला कळत नव्हतं.

"मी कशाला पाठ करू?" मी विचारलं.

"बसा आधी. उभ्या माणसाशी बोलताना माझी मान दुखते."

मी बसलो.

"आज दुसऱ्या अंकात मी अडले. कळलं तुम्हाला?"

"नाही."

"या वयात खोटं बोलू नये, जमत नाही. तुमचे ओठ हलत होते. मी तिथूनच वाक्य उचललं."

ही माझी जुनी खोड. नाटक ओळखीचं असलं की माझे ओठ आपोआप हलतात. आवाज येत नाही, नुसते ओठ. बायको होती तोवर ती कोपराने ढोसायची. "त्यांना पगार मिळतो बोलायचा, तुम्हाला कोण देतंय?" ती गेल्यापासून ढोसणारं कुणी राहिलं नाही, तेव्हा खोड वाढली. हे नाट्यगृह चौसष्ट खुर्च्यांचं. रंगमंचाला उंचीच नाही, पहिल्या रांगेने पाय लांब केले तर नटाला अडखळायला होईल. माझी खुर्ची पहिल्या रांगेत डाव्या कोपऱ्याची. रंगमंचावरचा उजेड तिथे बसणाऱ्याच्या तोंडावर पडतो.

"दिग्दर्शकाने मला सांगितलंय," बाई कागदांची टोकं जुळवत म्हणाल्या, "आणखी एकदा अडलात तर शेजारणीचं काम करणारी ती मुलगी उभी करीन. तिचं सगळं पाठ आहे म्हणे. असेलच. त्या वयात मलाही इतरांची कामं पाठ असायची. आठ रविवारांचे आठ प्रयोग आहेत. आजचा पहिला झाला. सात राहिले. मला ते पुरे करायचे आहेत."

"विंगेत कुणी बसवा की कागद घेऊन."

"विंगेत बसवलं म्हणजे त्याला कळलंच. तुम्ही तर येणारच आहात. तसेही तुमचे ओठ हलणारच आहेत. बरोबर हलवा, एवढंच म्हणते मी." त्यांनी कागद पुन्हा पुढे केले. "वाक्य येतं हो मला. पहिला शब्द येत नाही. पहिला शब्द मिळाला की पुढचं सगळं आपोआप येतं."

मी कागद घेतले. माझ्यासारख्या माणसाकडे असं काही कुणी मागितलं नव्हतं. जिना चढताना मला हसू येत होतं.

नाटक साधं आहे. एक बाई घराबाहेर पडते, दार ओढलं जातं आणि किल्ली आत राहते. कुलूपवाला येईपर्यंत ती जिन्याच्या पायरीवर बसून राहते आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी हेच नाटक याच बाईंनी पहिल्यांदा केलं, तेव्हा मी ते एकतीस वेळा पाहिलं होतं. ते जिथे व्हायचं ते नाट्यगृह आता राहिलं नाही. तिथे फरश्यांचं दुकान झालं आहे. दुसरं होतं, तिथे गाड्या उभ्या करतात. तिसऱ्याच्या जागी काय आहे ते मला माहीत नाही, कारण तो रस्ताच आता मला सापडत नाही. उरलं होतं ते हे चौसष्ट खुर्च्यांचं. त्याच्याही मालकाने संध्याकाळी जागा व्यायामाच्या वर्गाला दिली होती, म्हणून नाटक दुपारी चारला. सहा वाजले की दाराबाहेर माणसं चटया काखेत घेऊन उभी राहायची. हे आठ प्रयोग झाले की जागा पूर्णवेळ त्यांचीच होणार होती.

जुन्या नाटकात दुसऱ्या अंकात त्या बाईचा भाऊ येतो. अकरा वर्षं तोंड न दाखवलेला भाऊ. दोघं एका पायरीवर बसतात आणि आईच्या घराचं बोलतात. तो प्रवेश सुरू झाला की माणसं खोकायचीसुद्धा थांबायची. भावाचं काम करणारे नट नऊ वर्षांपूर्वी वारले. आता बदलून बसवलेल्या या नव्या नाटकात भाऊ येतच नाही, फोन करतो. दिग्दर्शक तरुण आणि हुशार. म्हणायचा, "हल्ली कोण जातं हो कुणाच्या दारात? फोनच करतात." खरंच होतं ते.

मी चष्म्याच्या काचा घासणारा माणूस. गोल काच घ्यायची, फ्रेमच्या मापाने तिच्यावर खूण करायची, चाकावर कडा धरायची आणि वर पाण्याची बारीक धार सोडायची. चाळीस वर्षं हेच केलं. आता काचा यंत्रात घालतात आणि त्या कापून बाहेर येतात. माझ्या वाट्याला तुटलेल्या दांड्या, ढिले स्क्रू आणि म्हाताऱ्यांच्या जुन्या फ्रेमा उरल्या आहेत. लोकांना वाचता यावं म्हणून मी काचा घासायचो, पण मला स्वतःला एकेचाळीसाव्या वर्षापर्यंत अक्षर येत नव्हतं. आकडे यायचे, नंबर यायचे. लेक दुसरीत गेली तेव्हा तिच्या पाटीवर शिकलो. ती छडी म्हणून पट्टी घेऊन बसायची. "बाबा, 'भ' आणि 'म' एक नाही. पुन्हा काढा."

नाटकाची गोडी लागली ती त्याच्या आधीची. पुस्तक माझ्यासाठी बंद होतं. नाटकात मात्र कुणीतरी समोर उभं राहून सगळं सांगायचं आणि ते ऐकायला काही शिकलेलं असावं लागत नसे. पण अक्षर नसलेल्या माणसाला एक करावं लागतं. जे ऐकलं ते तिथल्या तिथे ठेवून घ्यावं लागतं. परत उघडून बघायला त्याच्याजवळ काही नसतं. म्हणून ती जुनी नाटकं माझ्या कानात जशीच्या तशी आहेत, खोकल्यासकट.

नवं नाटक मला वाचून पाठ करायचं होतं.

दुकानात कामाच्या पाटाखाली कागद ठेवून मी वाचू लागलो. ओळीवर बोट ठेवल्याशिवाय मला अजून वाचता येत नाही. मालकाचा मुलगा आता मालक आहे. त्याने दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी बोललाच.

"काय काका, परीक्षा आहे का?"

"आहे."

"कुठली?"

"तोंडी."

"पास झालात तर पेढ्यांऐवजी माझ्या या तीन फ्रेमा द्या. आठवडा झाला."

रात्रीचं जेवण झालं की लेक समोर बसून माझ्याकडून म्हणवून घ्यायची. मी लेक-जावयाकडेच राहतो.

"बाबा, 'वाजणार नाही तो' असं आहे. तुम्ही परत 'थांब' म्हणालात."

"जुन्यात 'थांब' आहे."

"जुनं गेलं ना आता? इथे 'वाजणार नाही तो. मी ओळखते त्याला.' मग फोन वाजतो. पुन्हा म्हणा."

मी पुन्हा म्हणालो. तिने मान हलवली. "पाटीवर बरे होतात तुम्ही," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "तेच तेच नाटक काय बघता हो? शेवट बदलतो का?"

"शेवट माहीत असला की मधलं नीट बघता येतं."

"तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही," असं म्हणून ती भांडी घासायला गेली.

दुसऱ्या रविवारी दारावरच्या माणसाने तिकीट फाडलं आणि नेहमीसारखं म्हणाला, "आली का पहिली रांग?" मला तिथे सगळे त्याच नावाने ओळखायचे. मी आत जाऊन बसलो. त्या दिवशी नाटक काय झालं ते मला सांगता येणार नाही. मी फक्त बाईंचे डोळे बघत होतो. पहिल्या अंकात एकदा त्यांची नजर माझ्यावर आली. नुसती आली नाही, धरून राहिली. मी ओठांनी 'दुधाची' म्हणालो आणि त्यांनी लगेच उचललं, "दुधाची पिशवी आतच राहिली, ती नासेल आता." लोक हसले. हसायचीच जागा होती ती. माझ्या पाठीला घाम आला होता.

तिसऱ्या रविवारी दोनदा. चौथ्या रविवारी चारदा.

चौथ्या प्रयोगानंतर दिग्दर्शक मला बाहेर भेटला. "काका, बाई काय करतायत पाहिलंत? मधे मधे त्या थांबतात आणि नुसतं बघतात. अंगावर काटा येतो हो. मीच घाबरलो होतो उगीच." मी मान हलवली. मला आनंद झाला होता, तो लपवणं जड गेलं. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय, हे बायको गेल्यापासून मला प्रथमच वाटलं. घरी जाताना मी फरश्यांच्या दुकानासमोर थांबलो आणि काचेतून आत बघितलं. जिथे रंगमंच होता तिथे न्हाणीघराच्या पांढऱ्या फरश्या लावल्या होत्या.

पाचव्या रविवारी बावीस माणसं होती. पहिला अंक सरळ गेला, बाई एकदाही अडल्या नाहीत. मी जरा सैल बसलो. तेच चुकलं असावं. दुसऱ्या अंकात ती जागा आली. बाई पायरीवर बसलेल्या, बाजूला फोन ठेवलेला. इथे त्यांनी गप्प व्हायचं असतं. त्या गप्प झाल्या. वरचा दिवा हळूहळू पिवळा होतो, तो झाला. जुन्या नाटकातही नेमकी हीच शांतता होती आणि असाच दिवा होता. बाईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

आता खोटं का सांगू, मला त्या क्षणी कागद आठवलाच नाही. ओळीवर बोट ठेवून वाचलेलं सगळं पाण्यात धुतल्यासारखं गेलं. समोर अठ्ठावीस वर्षांपूर्वीची बाई होती आणि मी अक्षर न येणारा माणूस होतो. माझे ओठ हलले.

थांब.

बाईंच्या चेहऱ्यावर जे पसरलं, ते त्या पाच रविवारांत मी पाहिलं नव्हतं.

"थांब," त्या म्हणाल्या. "पायऱ्या मोजत येतंय कुणीतरी. तोच आहे."

मग त्या जिन्याकडे वळल्या आणि वाट बघू लागल्या.

जिन्यावर पावलं वाजणार कशी? विंगेत काहीतरी हललं. मग ठरल्याप्रमाणे फोन वाजला. बाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्यांना तो कशाचा ते कळेना. फोन वाजतच राहिला. त्या प्रेक्षकांकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "कुणाचा तरी वाजतोय. बंद करा."

बावीस माणसांनी खिसे चाचपले. मागे एकाने घाईघाईने आपला फोन काढून बघितला. कुणीतरी हसलं. विंगेतल्यांनी फोन थांबवला.

बाई पायरीवर थोड्या बाजूला सरकल्या. एका माणसाची जागा केली.

"बस," त्या शेजारच्या रिकाम्या पायरीला म्हणाल्या. "अकरा वर्षं पाय दुखत होते का रे तुझे? इकडे वळले नाहीत म्हणून विचारते."

आणि त्यांनी तो प्रवेश केला. सगळा. भावाची वाक्यं यायची तेवढा वेळ त्या गप्प बसायच्या, ऐकायच्या, मान हलवायच्या, एकदा हसल्यासुद्धा. मग आपलं वाक्य बोलायच्या. एकही शब्द चुकला नाही. भावाची वाक्यं मला पाठ होती. मी ती मनात म्हणत होतो, म्हणून मला तरी तो प्रवेश पूर्ण दिसला. इतरांना काय दिसलं असेल? म्हातारी एकटीच बोलते आहे. काही जण रडलेही. हे असंच बसवलंय असं त्यांना वाटलं असणार.

कुलूपवाल्याचं काम करणारा मुलगा कुणीतरी ढकलल्यासारखा आत आला. त्याची यायची वेळ अजून झाली नव्हती. "बाई, कुलूप कुठलं?" त्याने विचारलं.

"तुम्ही नंतर या," बाई म्हणाल्या. "भाऊ आलाय माझा."

मुलगा उभाच राहिला. त्याने विंगेकडे बघितलं. दिवे गेले. अंधारात टाळ्या पडल्या, पण त्या बिचकत पडल्या.

मी पाण्याचा पेला घेऊन जिन्याखाली गेलो. का गेलो, ठाऊक नाही. बाई आरशापुढे बसल्या होत्या. मागोमाग दिग्दर्शक आला. ओरडेल असं मला वाटलं होतं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"काय झालं, बाई?"

"अडले."

"अडलात तर अडलात. पण भाऊ कुठून आला? तो प्रवेश आपल्या कागदात नाही. तुम्ही फोनलासुद्धा ओळखलं नाहीत. आपण कुठल्या नाटकात आहोत ते तुम्हाला कळत होतं का?"

बाई तोंडावरचा रंग पुसू लागल्या. त्याने माझ्याकडे बघितलं. "काका, तुम्ही इथे कसे?"

माझ्या हातात पेला होता. सांगायचं एवढंच होतं, की बाई मागे गेल्या नाहीत, मी त्यांना नेलं. पहिला शब्द माझा होता.

"जुने प्रेक्षक आहेत ते," बाई म्हणाल्या. "पाणी घेऊन आले. जुनं माझ्याच डोक्यात आलं. कुणाचा काही दोष नाही."

एरवी न सांगता हलणारं माझं तोंड तेव्हा उघडलं नाही. त्या मला वाचवत होत्या आणि मी वाचत होतो. दिग्दर्शक म्हणाला, "पुढच्या रविवारपासून त्या मुलीला उभं करतो, बाई. तुम्ही आराम करा."

तो गेल्यावर बाईंनी पेला घेतला, दोन घोट प्यायल्या.

"तो प्रवेश चांगला झाला ना?" त्यांनी विचारलं.

"झाला."

"मलाही तसंच वाटलं," त्या म्हणाल्या. "दार ओढून घ्या जाताना. कपडे बदलायचेत."

सहाव्या रविवारी मी गेलो नाही. इतक्या वर्षांत तापानेसुद्धा माझा रविवार चुकला नव्हता. लेकीने दुपारी तीनला माझ्याकडे बघितलं, साडेतीनला बघितलं, आणि चारला येऊन समोर बसली. मी सगळं सांगितलं.

"मग जाऊन सांगा त्यांना," ती म्हणाली.

"आता काय उपयोग?"

"उपयोग होतो म्हणून सांगतात का, बाबा? मी पाटी फोडली होती आणि मांजराचं नाव घेतलं होतं. तेव्हा तुम्ही मला शेजारी नेऊन मांजराची माफी मागायला लावली होतीत. मांजराला काय उपयोग झाला?"

सातव्या रविवारी मी लवकर गेलो. दिग्दर्शक बाहेर पायरीवर बसून चहा पीत होता. मी त्याच्यासमोर उभा राहून सांगितलं. कागद, ओठ, चारही रविवार आणि पाचवा. तो ऐकत गेला आणि त्याचा चहा हातात तसाच राहिला.

"म्हणजे त्या मधे मधे थांबून बघायच्या, ते तुमच्याकडे बघायच्या?"

"हो."

"आणि 'थांब' तुम्ही म्हणालात."

"मी."

समोरच्या इमारतीवर कामगार मोठ्या अक्षरांची पाटी चढवत होते. एक अक्षर दोरीला लटकत होतं.

"काका, हे तुम्ही त्या दिवशी बोलायला हवं होतं," तो शेवटी म्हणाला. "मला वाटलं, त्यांचं डोकंच गेलं. शब्द विसरणं वेगळं आणि आपण कुठे आहोत ते विसरणं वेगळं. शब्द विसरणाऱ्याला मी सांभाळून घेतलं असतं. कानात यंत्र घातलं असतं, काहीही केलं असतं. पुढे दुसऱ्या एका नाटकमंडळीत त्यांच्यासाठी काम ठरत होतं. त्या मंडळींनी मला विचारलं. मला खरं वाटलं ते मी सांगितलं. त्यांनी दुसरं कुणी घेतलं."

"आता सांगता नाही येणार?"

"काय सांगू? बाई बऱ्या आहेत, चूक पहिल्या रांगेची होती?" तो हसला नाही. "आणि परवा मी बाईंकडे गेलो होतो. त्या बऱ्या नाहीतही आता. भाची म्हणते, खिडकीत बसून असतात. जेवायला उठवावं लागतं." त्याने चहा पायरीखाली ओतून टाकला. "तुम्ही आत चला. घंटा होईल."

मी आत गेलो. माझ्या खुर्चीशी जाऊन उभा राहिलो आणि परत फिरलो. सर्वांत मागच्या रांगेत, खांबाच्या आड, जिथे उजेड पोहोचत नाही तिथे बसलो. मुलगी चांगलं काम करते. ती कुठेच अडली नाही. फोन वेळेवर वाजला आणि तिने तो वेळेवर उचलला.

आठवा प्रयोग शेवटचा. शेवटचं म्हटलं की लोक येतात, मयताला जमतात तसे. इतकी वर्षं न दिसलेली तोंडं दिसली. "अरेरे, बंद होणार म्हणे," असं एकमेकांना सांगत माणसं आत शिरत होती. चौसष्ट खुर्च्यांपैकी एकच रिकामी राहिली, माझी.

"आजही मागे?" दारावरचा माणूस म्हणाला. "शेवटच्या दिवशी तरी पुढे बसा, पहिली रांग."

"मागून बरं दिसतं," मी म्हणालो. मागे खुर्ची उरली नव्हती, म्हणून खांबाला टेकून उभा राहिलो.

तिसऱ्या घंटेच्या जरा आधी एका तरुण बाईचा हात धरून बाई आत आल्या. तरुण बाई म्हणजे ती भाची असणार. बाईंचे केस कुणीतरी विंचरले होते, त्यांनी स्वतः नाही. स्वेटरचं एक बटण चुकीच्या काजात होतं. काही लोकांनी ओळखलं आणि उठून नमस्कार केला, त्यावर त्यांनी मान हलवली. भाचीने इकडेतिकडे बघितलं आणि पुढे डाव्या कोपऱ्याची रिकामी खुर्ची दिसली तिथे त्यांना बसवलं. स्वतः बाजूला जमिनीवर बसली.

पहिला अंक झाला. मधल्या वेळात बाई उठल्या नाहीत. मी जाऊन भेटायला हवं होतं. खांबापासून तिथवर पंधरा पावलं होती.

दुसरा अंक सुरू झाला. मुलगी पायरीवर बसली, फोन बाजूला ठेवला आणि गप्प झाली. दिवा हळूहळू पिवळा झाला. सगळे तिच्याकडे बघत होते. त्या उजेडात मला पहिल्या रांगेतलं डोकं हललेलं दिसलं.

बाई खुर्चीत मागे वळल्या होत्या. एक हात खुर्चीच्या पाठीवर टेकवून त्या अंधारात रांगा बघत होत्या. तिसरी, पाचवी, सातवी. एकेका तोंडावर त्यांची नजर जात होती आणि पुढे सरकत होती. भाचीने त्यांच्या गुडघ्याला हात लावला, पण त्या वळल्या नाहीत.

मी खांबाआड होतो आणि मी तोंडावर हात दाबून धरला होता. माझे ओठ तळव्याखाली हलत होते.

रंगमंचावर फोन वाजला. मुलीने तो उचलला, लोकांनी सुस्कारा सोडला आणि नाटक पुढे गेलं. बाई अजून मागेच बघत होत्या.